थिओनीचा नांगर

ही १९६१ सालची गोष्ट. इस्टरच्या आधीचे उपास अजून सुरू व्हायचे होते, तेव्हा गालाक्सिदी गावची आसिमिनामावशी आमच्या दुकानात आली.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. पुढच्या खोलीत माझा नवरा पांदेलिस चित्रं विकायचा, मागच्या खोलीत मी ती दुरुस्त करायची. चित्रं फक्त जहाजांची. शिडांच्या जहाजांच्या काळात कप्तान लोक त्रिएस्ते नाहीतर मार्सेयच्या धक्क्यावर बसणाऱ्या चिताऱ्याकडून आपल्या जहाजाचं चित्र करून घ्यायचे आणि घरी आणून बैठकीच्या खोलीत लावायचे. लग्नाच्या मुलीचा फोटो असावा तसं चित्र. सगळी शिडं फुगलेली, झेंडे कोरेकरकरीत, समुद्र शहाण्यासारखा वागणारा. ते कप्तान गेले, जहाजं गेली, आणि नातवंडं चित्रं घेऊन आमच्याकडे यायला लागली. त्या हिवाळ्यात मी छत्तीस वर्षांची होते. तरी दुसऱ्यांच्या भिंतींवरची काजळी पुसून पुसून म्हातारी झाल्यासारखं वाटायचं. बोटांना टर्पेंटाइनचा वास कायमचा बसला होता. जेवतानाही यायचा.

मावशीने चित्र चादरीत गुंडाळून, बोटीने आणि मग बसने, मांडीवर धरून आणलं होतं. साठीची बाई, काळ्या कपड्यातली, किरकोळ. चादर सोडवली तर आत जवळजवळ तपकिरी अंधारच होता. त्यात दोन डोलकाठ्यांचं एक जहाज. खाली अक्षरं, थिओनी. ते तिच्या आजीचं नाव. जहाज आजोबांचं.

"हे कांद्याने पुसता का तुम्ही?" मी वास घेऊन विचारलं.

"दर नाताळला. आधी कांदा, मग बटाटा. माझी आई तसंच करायची."

"आणि तेल?"

"चमचाभर. चकाकी यायला. घरच्या ऑलिव्हचं हो, बाजारचं नाही."

"मावशी, तुम्ही चित्र पुसत नव्हता, कोशिंबीर करत होता."

ती हसली, पण चित्रावरचा हात काही तिने काढला नाही. मग तिने जहाजाच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बोट ठेवलं.

"इथे बघ. नांगर नाही. गळून गेलाय असं समजून रंगवायला जाशील म्हणून आधीच सांगते."

मी भिंग लावलं. खरंच नव्हता. चिताऱ्याने दोरखंडाची गाठनगाठ दाखवली होती, झरोके मोजून केले होते, आणि नांगर असतो तिथे नुसत्या फळ्या.

"आमच्या आळीत तशी रीत आहे," ती म्हणाली. "घरातला पुरुष समुद्रावर जातोय तोवर घरातल्या चित्रात नांगर नको. तो कायमचा घरी आला, की चिताऱ्याला बोलवायचं, नांगर रंगवून घ्यायचा आणि सगळ्यांना गोड द्यायचं."

"मग इतक्या वर्षांत..."

"आजोबा तापाने गेले, कॉन्स्टॅन्टिनोपलला. वडील ओडेसाच्या वाटेवर. नवरा लढाईत. गोड करायची पाळीच आली नाही आमच्या घरावर." तिने चादरीची घडी घातली. "आता फोतिस आहे. माझा मुलगा. 'मारिगो' नावाच्या मालवाहू बोटीवर इंजिनात असतो. इस्टरला येतोय, कायमचा. पंप दुरुस्तीचं दुकान टाकणार म्हणतो. तोवर तू हे स्वच्छ करून ठेव. तो दारात दिसला की मी येईन, मग नांगर रंगव. त्याआधी नाही, पोरी. काय वाट्टेल ते झालं तरी आधी नाही."

मी कबूल केलं. आमच्या धंद्यात असल्या अटी नव्या नव्हत्या. कुणाला चित्रातला तुर्की झेंडा नको असायचा, कुणाला काळा ढग.

काम सावकाश चाललं. हाताळलेल्या चित्राला थुंकीसारखं दुसरं काही नाही. जिभेवर ओला केलेला कापसाचा बोळा गोल गोल फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. बोटभर आकाश उघडायला अख्खी सकाळ जायची. चित्र काजळीखाली होतं तेव्हाच त्याचा फोटो मी काढून घेतला होता. तशी माझी सवय होती. हळूहळू शिडं पांढरी झाली, पाणी हिरवं झालं.

पांदेलिस दारात उभा राहून बघायचा.

"आपलं ते नॉर्वेचं गिऱ्हाईक हे डोळे झाकून घेईल. फक्त विचारेल, नांगर कुठाय? दोन तासांचं काम आहे तुझं."

"तिचा मुलगा समुद्रावर आहे."

"अर्ध्या पिरेअसची मुलं समुद्रावर आहेत, एव्हान्थिया. त्यांच्या घरी नुसती कॅलेंडरं आहेत, तरी येतात बिचारी घरी."

"मग त्या नॉर्वेवाल्याला कॅलेंडर वीक."

तो हसत पुढच्या खोलीत गेला. माणूस वाईट नव्हता. दिवसभर घासाघीस करून तोही दमलेला असायचा. त्याचा दमणूक घालवायचा उपाय म्हणजे बडबड.

उपासांच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी खोलीची खिडकी उघडली आणि चित्रावरचं कापड बाजूला केलं. नाळेवर नांगर होता.

छोटासा, काळा, नीट बांधलेला. मला आधी राग आला.

"पांदेलिस, इकडे ये. हे काय केलंस?"

तो कॉफीचा कप घेऊन आला. बघत राहिला.

"मी? मला मांजर काढता येत नाही. आपल्या लग्नात पाहुण्यांना वाट दाखवायला बाण काढला होता, तर लोक शेजारच्या बारशाला गेले. आणि तू म्हणतेस नांगर."

तेही खरंच होतं. त्याच्या हाताला ती रेषा जमली नसती. माझ्या हाताला जमली असती, पण मी ती ओढली नव्हती.

ताजा रंग ओळखायला अक्कल लागत नाही. बोळा लावला की तो सुटतो. मी थुंकीने पाहिलं, मग टर्पेंटाइनने, मग त्याहून कडक औषधाने. कापूस पांढरा राहिला. मग मी भिंग घेतलं.

जुन्या रंगाला तडे जातात. बारीक जाळं पडतं, वाळलेल्या तळ्यासारखं. नंतर कुणी वर रंग भरला तर तो तड्यांवर बसतो, त्यांच्यात उतरतो. जाणत्या माणसाला ते लगेच कळतं. इथे तडे फळ्यांवरून आले होते, नांगरातून सरळ पार गेले होते आणि पलीकडे पाण्यात शिरले होते. कुठेही खंड नव्हता. माझ्या सगळ्या विद्येप्रमाणे तो नांगर चित्राइतकाच जुना होता, नव्वद वर्षांचा.

मी खणातून फोटो काढला. फोटोत नुसत्या फळ्या होत्या.

"काजळीखाली असेल," पांदेलिस म्हणाला. "फोटोत दिसला नसेल."

"नाळ मी मागच्याच आठवड्यात साफ केली. तू इथेच उभा होतास."

त्याने कॉफी संपवली नाही.

दुसऱ्या दिवशी नांगराचे दोर सुटलेले होते. तो साखळीला लोंबत होता, नाळ आणि पाणी यांच्या मधोमध. तडे पुन्हा तसेच, अखंड. आदल्या दिवशी तो जिथे बांधलेला होता तिथे फळ्या, आणि फळ्यांवरही तेच जुनं जाळं.

त्या दिवशी मी चित्राला हात लावला नाही. जेवायला मसूर केले होते. दोघांनी बशीत चमचे फिरवले.

"त्या बोटीचं नाव काय म्हणाली होती?" पांदेलिसने विचारलं.

"मारिगो."

"कंपनीची कचेरी धक्क्यावरच आहे. विचारून येतो. नुसतं विचारायला काय जातं."

तो संध्याकाळी आला. बिनतारी निरोप आलाय, म्हणाला. बोट फ्रान्सजवळ, बिस्केच्या उपसागरात आहे, समुद्र खवळलेला आहे, बाकी सगळे ठीक. मग नवीन निरोप आला नाही. पांदेलिस रोज जायचा, कारकून रोज खांदे उडवायचा. रोज सकाळी मी कापड बाजूला करायची. नांगर तिथेच, अधांतरी लोंबत होता. मला वाटलं, आता असाच राहील. आणि मनात आलं, राहो. त्या लोंबण्यातच काहीतरी आशा आहे असं का वाटलं, सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी नांगर नव्हता. साखळी सरळ पाण्यात गेली होती. ताठ.

वर सगळी शिडं वाऱ्याने फुगलेली आणि खाली नांगर टाकलेला. असं जहाज कुणी पाहिलेलं नसतं. असं चित्र शुद्धीवरचा चितारी करणार नाही. पांदेलिसला एरवी यावर दहा विनोद सुचले असते. त्याने कोट चढवला आणि कचेरीकडे गेला.

तो गेला आणि दुपारी आसिमिनामावशी आली.

पहाटेच्या पहिल्या बसने निघाली होती. डोक्यावर तोच काळा रुमाल, पण गालावर रंग होता. हातात बदामाच्या मिठाईचा डबा.

"आला," ती म्हणाली. "फोतिस आला. काल संध्याकाळी. इस्टरची वाटसुद्धा पाहिली नाही पोराने. दार लोटलं आणि आत येऊन बसला. ना ट्रंक, ना पिशवी. कुठेशी बंदरावर राहिली म्हणतो. राहू दे. चल, नांगर रंगव. आधी तोंड गोड कर."

मी डबा हातात धरून उभी राहिले. मग चित्रच तिच्याकडे वळवलं.

ती वाकून साखळीकडे बघत होती.

"तू केलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

"माहीत नाही, मावशी."

तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. पुढे होऊन चित्राला ओठ लावले, देवाच्या तसबिरीला लावतात तसे.

तेवढ्यात पांदेलिस परत आला. टोपी हातात होती. मावशीला पाहून दारातच थांबला.

"या, या, पांदेलिस," ती म्हणाली. "फोतिस आला आमचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी उलटीसुलटी केली.

"कधी?"

"काल."

"बरं झालं," तो म्हणाला. "छान झालं."

ती हात धुवायला आत गेली तेव्हा त्याने मला सांगितलं. मारिगो काल दुपारी फुटली होती. दुसऱ्या एका बोटीने पाहिलं. कुणी वाचलं नाही. बिस्केमधून गालाक्सिदीला एका दुपारीत कसं यायचं?

चित्र पोचवायला आम्ही दोघं मावशीबरोबर गेलो. तिला एकटीला पाठवणं जमलं नाही. खरं सांगायचं तर आम्हाला पाहायचंही होतं.

तो स्वयंपाकघरात बसला होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, आईसारखीच भुवई. दाढी केलेली. समोर पाव आणि ऑलिव्ह. तो खात नव्हता, पाणी पीत होता. एक पेला संपला की मावशी दुसरा भरायची.

"गोडं पाणी," तो म्हणाला. "किती गोडं असतं नाही आपल्याकडचं."

पांदेलिसने बोटीचा विषय काढला नाही. मीही नाही. मी चित्र खिळ्यावर लावलं. फोतिस उठून आला आणि त्याने जवळून पाहिलं.

"साखळी किती सोडलीय, बाई?"

"मला नाही कळत त्यातलं."

"ताठ आहे म्हणजे बेताचीच सोडलीय," तो म्हणाला आणि परत जाऊन बसला.

आम्ही निघतच होतो तेव्हा शेजारची दिआमान्दो आली. तिचा मुलगा त्याच बोटीवर होता. बातमी एव्हाना गावात पोचली होती. ती रडत नव्हती. फोतिसच्या समोर बसली आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"माझा कुठाय?" तिने विचारलं.

फोतिसने पेला खाली ठेवला.

"आम्ही सगळे बरोबरच निघालो होतो, काकू. मी अडकलो."

"कशात?"

फोतिसची नजर चित्राकडे गेली. दिआमान्दोने वर भिंतीकडे पाहिलं. त्या आळीची बाई, तिला समजावायला लागलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"आमच्याही चित्रात नांगर नव्हता. मी गेल्या वर्षी विकलं. यांनाच." तिने पांदेलिसकडे बोट केलं, रागाने नाही. "परत मिळेल?"

पांदेलिसने ते त्या नॉर्वेवाल्यालाच विकलं होतं; त्याच आठवड्यात त्याला पत्र टाकलं. दुप्पट देतो म्हणून लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. चित्र उन्हाळ्याच्या घरी जेवणघरात लावलं आहे, मुलांना आवडतं, शिवाय नांगर नव्हता तो एका चांगल्या कारागिराकडून गेल्याच शरदात रंगवून घेतला आहे.

दिआमान्दोचा मुलगा कुठल्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला असेल, हा विचार मी करत नाही. करायचा नाही असं ठरवलं आहे.

फोतिस घरी राहिला. मावशीला पोर मिळालं, याबद्दल कुणी काही म्हणू शकत नाही. तो पंप दुरुस्त करायचा, लोक घरी आणून द्यायचे. तो गल्लीतल्या कारंज्यापर्यंत जायचा आणि साखळी संपल्यासारखा वळायचा. देऊळ अलीकडे होतं, म्हणून देवळात जायचा. दर वर्षी मारिगोच्या माणसांसाठी प्रार्थना व्हायची. पाद्री एकेक नाव वाचायचा आणि त्यात फोतिसचंही यायचं, कारण कंपनीच्या यादीत ते होतं. तो मेणबत्ती धरून ऐकायचा. एकदा पाद्र्याने मावशीला विचारलं, नाव गाळू का? ती म्हणाली, वाचा, बाकीच्यांना सोबत होते.

मी वर्षातून एकदा जायची. चित्राची तब्येत पाहायला, असं सांगून. साखळी नेहमी ताठ.

मावशी १९८६ च्या शरदात गेली. स्मशानभूमी गावाच्या वरच्या अंगाला, कारंज्याच्या पलीकडे. फोतिस कारंज्यापाशी थांबला आणि पेटी पुढे गेली.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि त्याने मला बोलावणं धाडलं. मी एकटीच गेले. दुपारची वेळ, आळीत सगळे झोपलेले. त्याने चित्र टेबलावर आडवं ठेवलं होतं, खाली मावशीची चादर.

"पुसून टाका," तो म्हणाला.

"ते निघत नाही, फोतिस. मी पूर्वी सगळं करून पाहिलंय. शिवाय जुना रंग आहे. जुना रंग आम्ही पुसत नाही."

"तेव्हा आई होती."

मी चादरीची सुरकुती सरळ केली.

"मी फार दमलोय, बाई," तो म्हणाला. "तुम्हालाही माहीत आहे ते कसं असतं. तुमचे हात बघतो ना मी."

माझे हात तोवर सांध्यांत वाकले होते. मी पिशवीतून कापूस काढला. जिभेवर ओला केला. साखळीला टेकवला.

पहिल्याच फेऱ्यात ती सुटली.

बोळा तांबूस झाला. मी दुसरा घेतला. तो तोंडाजवळ नेला तर ओठांना मीठ लागलं.

तो माझ्या मागे खुर्चीवर बसला होता. पाण्याचा पेला घेतल्याचा आवाज आला. ठेवल्याचा आला नाही.

मी वळून पाहिलं नाही. खालून वर पुसत गेले, पाण्यापासून नाळेपर्यंत. खाली फळ्या होत्या. पाणी होतं. जसं चिताऱ्याने सोडलं होतं तसं.

शेवटचा बोळा ठेवला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि दार उघडं होतं.

पांदेलिस त्याआधीच, १९७९ मध्ये गेला होता. त्या इस्टरनंतर त्याने घराघरातून चित्रं घेणं बंद केलं आणि जुने नकाशे विकायला लागला. नकाशांना कुणी वाट पाहणारं नसतं, म्हणायचा. दिआमान्दो नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत रात्री दाराला कडी लावू देत नसे. चित्र फोतिसच्या मामेबहिणीकडे अथेन्सला आहे. तिला त्यात विशेष काही वाटत नाही. फोतिसच्या मृत्यूची नोंद करायला मीच गेले होते, दुसरं कोण जाणार. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, बाई, हा माणूस १९६१ मध्येच गेलेला आहे, एकाच माणसाची नोंद दोनदा कशी करणार?

मी आता त्र्याऐंशीची आहे. दुकान विकलं, भिंगं विकली. त्या दुपारचे बोळे तेवढे मी टाकले नाहीत. एका बशीत घालून खिडकीत ठेवले आहेत, दक्षिणेच्या खिडकीत, जिथे ऑगस्टमध्ये मेणबत्तीसुद्धा वाकते. वीस वर्षांहून जास्त झाली. ते अजून वाळलेले नाहीत.